मशरूम शेडच्या डक्टिंगमध्ये 43,660 रुपयांना फसवलं, शेडवाल्यांनी आवर्जून वाचा

कुणी धिंगरीची (ऑयस्टर मशरूमची) शेड, केशराची रूम नाहीतर मायक्रोग्रीन्ससाठी फ्लेक्सिबल डक्ट, म्हणजे हवा खेळवायचा लवचिक पाइप, बसवून घेणार असाल तर अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या आधी हे वाचा. मी कराडकडची, शेड 15 बाय 30 ची, 250 बेड (भुशाच्या पिशव्या) टांगलेले. तो माणूस पुण्याकडचा, ऑनलाइन जाहिरातीवरून सापडला, बोलायला इतका गोड की काय सांगू, "ताई तुम्ही निर्धास्त राहा, तुमची शेड म्हणजे माझीच शेड". असली माणसं कशी गुंतवतात ते तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

हिशोब मात्र पूर्ण देते. 8 इंची इन्सुलेटेड डक्ट, 10 मीटरचे 3 बॉक्स, 3,400 प्रमाणे 10,200. डक्टच्या लाइनमध्येच बसणारे दोन इनलाइन फॅन 18,400. क्लॅम्प, अ‍ॅल्युमिनियम टेप, डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) मिळून 2,900. मजुरी 5,500. वर 18 टक्के जीएसटी 6,660. एकूण 43,660. त्यातले 25,000 आधी आणि 18,660 काम झाल्यावर जागेवर. सगळे यूपीआयने, ते पण फर्मच्या खात्यावर नाही, "भावाच्या" नंबरवर, कारण म्हणे करंट अकाउंटला लिमिट आलंय. हे कारण कुणी सांगितलं की तिथेच व्यवहार थांबवा. आणि बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. माझ्या बिलावरचा नंबर कॅन्सल झालेला निघाला.

आता ज्या क्षणाचा विचार करून मला अजून झोप लागत नाही तो. पहिला बॉक्स त्याने माझ्यासमोर फोडला, आत व्यवस्थित ग्लास वूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर), बाहेर चंदेरी जॅकेट, हाताला जाड लागत होतं. दुसऱ्या बॉक्सवर बाजूला 150 छापलेलं मी वाचलं आणि विचारलं पण. "तो कंपनीचा कोड असतो ताई." अहो 150 म्हणजे 150 मिलिमीटर, म्हणजे 6 इंच! मग तो डक्ट 8 इंची फॅनच्या तोंडाला बसेना तेव्हा त्याने पत्रा कापून रिड्यूसर केला आणि वरून सांगितलं की तोंड बारीक केलं की प्रेशर वाढतो. मी तिथेच शिडी धरून उभी होते, माझ्या डोळ्यांसमोर झालं हे. पण मला कसं कळणार होतं? मशरूमच्या ट्रेनिंगमध्ये भुसा, स्पॉन (मशरूमचं बी), पाश्चरायझेशन सगळं शिकवलं, डक्टवर एक शब्द नाही. माझे दीर वायरमन आहेत, ते तिथे हजर होते, त्यांना पण शंका आली नाही. ठरवून फसवायला आलेल्या माणसापुढे कुणाचंही असंच झालं असतं.

8 चा 6 झाला की पाइपचं तोंड निम्म्यापेक्षा थोडंच जास्त उरतं, हवा तेवढीच कोंडते. दुसऱ्या-तिसऱ्या बॉक्समध्ये ग्लास वूल नव्हतंच, नुसती फॉइल आणि आत तार. नंतर आम्ही ते खाली काढून पूर्ण ताणून मोजलं तर 10 मीटरच्या जागी साडेसात भरले. म्हणून मागच्या रांगेपर्यंत लाइन पोहोचलीच नव्हती आणि हा म्हणाला हवा आपोआप जाते. जी लावली होती ती पण मध्ये झोळ देऊन, कोपऱ्यात चेपून. फ्लेक्सिबल डक्ट ताठ ओढूनच लावायचा असतो, दर चार-पाच फुटांवर पट्टीचा आधार, आणि वळण मोठं द्यायचं, नाहीतर फॅन कितीही चांगला असू दे हवा पुढे जात नाही. मागच्या रांगेत कार्बन डायऑक्साइड साठून धिंगरीचे दांडे लांबलचक आणि टोप्या बटणाएवढ्या. उघड्या फॉइलवर पाणी धरून ते थेंब बेडवर, त्याने पिवळे डाग. 62 किलो माल व्यापाऱ्याने उचलला नाही, 140 भावाने 8,680 रुपये ते वेगळेच गेले.

आणि तक्रार करायला जा म्हणजे कळतं आपण कुठे राहतो. पोलीस म्हणाले, "मॅडम हा दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." खोटा जीएसटी नंबर, दुसऱ्याच्या नावावर पैसे, एक दाखवून दुसरं दिलं, तरी दिवाणी? अर्ज ठेवून घेतला, शिक्क्याची पोच मागितली तर तोंड वाकडं. पोच घेतल्याशिवाय उठू नका. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर ओटीपी दिला होता का विचारतात, नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्टच संपला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी ग्राहक आयोगाकडे जा सांगितलं. आयोगातला क्लार्क म्हणतो तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. कृषी कार्यालयात तर "आमचा विषय नाही" एवढंच. म्हणजे मेळावे घेऊन बायकांना मशरूम करा मशरूम करा सांगायचं, आणि त्याच बाईला कुणी लुटलं की विषय नाही! त्या क्लार्कला मी शेवटी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा दाखवला, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू असेल तर ग्राहकच धरतात, आणि 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. तेव्हा कुठे अर्ज घेतला. कुणी परत पाठवलं तर हे तोंडावर सांगा.

बॉक्स सगळे खाली, उजेडात, स्वतः फोडून घ्या. साइज टेपने मोजा. ग्लास वूलची जाडी आणि डेन्सिटी कोटेशनवर लिहून घ्या, नुसतं "इन्सुलेटेड" चालवून घेऊ नका. शेवटचे पैसे फॅन चालू करून सगळ्यात मागच्या रांगेत हात धरून हवा लागली तरच.

त्याचा जुना नंबर बंद आहे पण धंदा चालू आहे, नवीन नावाने जाहिरात परवाच एका मैत्रिणीने पाठवली. काम झाल्यावर त्याने आठवण म्हणून फोटो काढले होते, तेच त्यात लावलेत. निळ्या पत्र्याची शेड आणि दारात तुळशीचा पिवळा डबा दिसला तर ती माझी शेड आहे, त्या माणसाला एक रुपया पाठवू नका आणि मला तो नंबर कळवा, आयोगात जोडायचाय.