रेडमाइनची प्लगइन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीन बंद पडल्याच्या तक्रारी रेडमाइन ५ या कामं-तक्रारी नोंदवायच्या वेब सॉफ्टवेअरवर नोंदवल्या जातात. त्यावर आम्हीच लिहिलेली दोन प्लगइन (जोड-प्रोग्राम) चालतात: एक शिफ्ट इनचार्जला मेसेज पाठवतं, दुसरं मशीन किती वेळ बंद होतं ते मोजतं. सर्व्हर उबुंटूवर, खाली मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे पॅसेंजर (रेडमाइन वेबवर चालवणारा सर्व्हर).

लिहिणं सोपं. सांगाडा एका कमांडमध्ये तयार होतो आणि इनिट फाइलमध्ये नाव, आवृत्ती, परवानग्या टाकल्या की निम्मं काम झालं. त्रास आहे तो सर्व्हरवर चढवताना.

फोल्डरचं नाव आणि प्लगइनची आयडी तंतोतंत एकच लागते. गिटहबवरून झिप उतरवली की फोल्डरच्या शेवटी 'मास्टर' चिकटून येतं आणि रेडमाइन 'प्लगइन नॉट फाउंड' म्हणत सुरूच होत नाही. रेडमाइन ५ पासून झाइटवर्क (नावावरून कोडची फाइल शोधून वाचणारी यंत्रणा) आल्यामुळे फाइलचं आणि क्लासचं नावही जुळावं लागतं. डेव्हलपमेंटमध्ये (कोड लिहितानाच्या मोडमध्ये) हे लक्षात येत नाही, कारण तिथे फाइल लागेल तेव्हाच वाचली जाते; प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापराच्या मोडमध्ये) सगळ्या सुरुवातीलाच वाचल्या जातात. म्हणून चाचणीची प्रत प्रॉडक्शन मोडमध्येच चालवावी.

चढवण्याचा क्रम असा: डेटाबेस आणि फाइल्स फोल्डरचा बॅकअप, बंडल इन्स्टॉल (लागणाऱ्या लायब्ररी बसवणं), प्लगइनचं मायग्रेशन (डेटाबेसमध्ये त्याची टेबलं तयार करणं), मग पॅसेंजर रीस्टार्ट. मायग्रेशन रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवू नका. लॉग फाइल रूटच्या मालकीची झाली तर वेब सर्व्हरला त्यात लिहिता येत नाही, आणि दोष मात्र प्लगइनला दिला जातो. 'मेनूच दिसत नाही' हा फोन तर ठरलेला. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मॉड्यूल चालू करायचं आणि रोलला परवानगी द्यायची, या दोन खुणा राहिलेल्या असतात.

सगळ्यात महागात पडतो तो हुक, म्हणजे ठरावीक घटनेला रेडमाइन आपला कोड चालवतं ती जागा. तक्रारीतला बदल सेव्ह झाल्यावरचा हुक डेटाबेस ट्रान्झॅक्शनच्या आतच, म्हणजे बदल पक्के होण्याआधीच चालतो. मेसेज पाठवायचा कोड तिथेच ठेवला आणि नेट गेलेलं असलं, तर रूबी भाषेतलं नेट-एचटीटीपी (वेबवर विनंती पाठवणारी लायब्ररी) जोडणीसाठी ६० सेकंद थांबतं. तेवढा वेळ त्या तक्रारीची डेटाबेसमधली ओळ लॉक असते. इकडे ऑपरेटरच्या स्क्रीनवर चक्र फिरतंय, तिकडे सुपरवायझर तीच तक्रार बंद करायला बघतोय. मायएसक्यूएल ५० सेकंदांनी कंटाळतं आणि सुपरवायझरला ५०० ची (सर्व्हर बिघडल्याची) एरर मिळते. जोडणीचा टाइमआउट ५ सेकंदांवर आणला की हे बरंच आटोक्यात येतं. खरा उपाय म्हणजे मेसेज जॉबमध्ये (मागे वेगळ्याने चालणाऱ्या कामात) टाकणं. पण मूळ सेटिंगमध्ये जॉबची रांग मेमरीतच असते. लाईट गेली आणि यूपीएसने दगा दिला की रांगेतले मेसेजही गेले. त्यामुळे रांग डेटाबेसमध्ये ठेवलेली बरी.

डेटाबेस जुन्या यूटीएफ-८ वर (अक्षरं साठवायच्या पद्धतीवर) असेल तर मराठी मजकूर नीट बसतो, कारण देवनागरी अक्षराला ३ बाइट पुरतात. इमोजीला ४ लागतात. कुणी प्रतिक्रियेत अंगठा टाकला की सेव्ह फसतं. यूटीएफ-८-एमबी-४ करून घ्या.

प्लगइन काढायचं असेल तर आधी मायग्रेशन शून्यावर आणा (त्याची टेबलं काढून टाका), मगच फोल्डर उडवा. उलट केलंत तर टेबलं तशीच पडून राहतात.

रेडमाइन ६ वर एवढ्यात गेलेलो नाही. तिथे रेल्स (रेडमाइन ज्यावर उभं आहे तो रूबीतला पाया) ७.२ आहे आणि प्लगइनच्या सीएसएस, जावास्क्रिप्ट फाइल्सची जागा बदलली आहे. आमच्या रिपोर्टमध्ये चिन्हांच्या फाइलचे पत्ते हातानेच लिहिलेले आहेत, ते आधी बदलावे लागतील.