झटका मशीन घेतलं त्याला दोन वर्षं होत आली

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात येलदरीच्या अलीकडं आमची साडेसात एकर जमीन आहे. एका अंगाला नाला, नाल्यापलीकडं वनखात्याचा माळ. डुकरं, रोही म्हणजे नीलगाई, हरणं आमच्याकडं बारा महिने असतात. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं, सौरवर चालणारं झटका मशीन घेऊन आता दोन वर्षं होत आली. हरभरा, उन्हाळी भुईमूग, सोयाबीन, तूर सगळं त्याच्या भरवशावर निघालं, म्हणून लिहिते आहे.

त्याआधी मामा, म्हणजे माझे सासरे, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, जागलीला असायचे. हातात बॅटरी, उशाला पत्र्याचा डबा. तीन वर्षांमागं चैत्रात एका रात्री त्यांचा डोळा लागला आणि डुकरांच्या कळपानं अर्धा एकर भुईमूग नांगर फिरवल्यासारखा उलथून टाकला. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं. ते कळवलं, पंचनामा झाला, उशिरा का होईना पैसेही आले. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसाची जागल त्या पैशानं चुकली नाही.

मी मशीनची चौकशी करायला लागले तेव्हा बाजारात एकानं मला तोंडावर सांगितलं, एवढा खर्च कशाला करता, रात्री तारेत लाईट सोडा. असल्याच तारेवर आमचा सर्जा गेला. शेजारच्या शिवारात कुणीतरी डुकरासाठी सोडली होती, पहाटे बैल धुरा, म्हणजे बांध, ओलांडून गेला तो परत आलाच नाही. त्याच्या जागी कुणाचं लेकरूही असू शकलं असतं. शिवाय तारेत चोरून लाईट सोडणं हा वीजचोरीचा गुन्हा आहे, त्यात जनावर मेलं तर शिकारीचा वेगळा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर निदान 25 हजार दंड. डुक्कर आणि रोही पीक खातात म्हणून त्यांना मारायलाही आधी परवानगी लागतेच.

झटका मशीनचं काम वेगळं आहे. ते बॅटरीच्या 12 व्होल्टवर चालतं आणि तारेत सात-आठ हजार व्होल्टचा झटका सोडतं. पण तो झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. मग साधारण सेकंदभर तार मोकळी, मग पुन्हा टक. त्या मोकळ्या वेळात जनावर मागं सरतं. घरातली लाईट माणसाला धरून ठेवते, हे धरत नाही. मी स्वतः दोनदा हात लावून बसले आहे. खांद्यापर्यंत जोरात चमक येते, हात आपोआप मागं येतो, बस.

मशीन, बॅटरी, पॅनेल मिळून 13,500 गेले. चार एकराला चार पदरी तार, इन्सुलेटर, बांबू आणि कोपऱ्यांचे लोखंडी खांब यांचे वेगळे. दुकानदारानं माणूस पाठवला, त्यानं अर्ध्या दिवसात जोडून दिलं. आणि पहिले वीस दिवस डुकरं तारेखालून खुशाल आत येत होती.

इथं माझी खरी तक्रार आहे. त्या माणसानं अर्थिंगला एकच सळई ठोकली होती, तीही दीड फूट. झटका तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून सळईवाटे परत मशीनला गेला तरच लागतो. आमची जमीन मुरमाड, फेब्रुवारी लागला की वरचा थर कोरडाठाक. वाट बंद झाली की झटका कुठून बसणार? मी मीटर आणून लावला. मशीनपाशी आठ हजार व्होल्ट आणि नाल्याकडच्या टोकाला 2,900. दुकानात फोन केला तर म्हणाले, मशीन चांगलंच आहे ताई, तुमची डुकरं निबर आहेत. शेवटी दुसऱ्या एका जाणकाराला विचारून तीन सळया आणल्या, चार-चार फुटांच्या, एकमेकींपासून दहा फुटांवर. भोवती कोळसा आणि मीठ घातलं. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी मामा तिथं घागरभर पाणी ओततात. टोकाला आता सहा हजारांच्या वर दाखवतं. ज्यांचं मशीन ‘चालत नाही’ त्यांनी मशीनला शिव्या देण्याआधी सळया बघाव्यात.

त्यानंतरची एक रात्र मी आखाड्यावरून डोळ्यांनी पाहिली. चांदणं पिठासारखं पडलेलं. नाल्यातून एक मादी वर आली, मागं सहा पिल्लं, अंगावर पिवळट पट्टे असलेली. ती तारेपाशी थांबली, मान खाली घालून हुंगायला लागली आणि ओलं नाक तारेला टेकलं. एकच किंकाळी. ती जागच्या जागी वळली आणि पिल्लं तिच्या पायांतून वाट काढत नाल्यात उतरली. त्या कळपानं त्या हंगामात आमच्या भुईमुगाला तोंड लावलं नाही.

रोह्याचं तसं नाही. अंगावरच्या केसांमुळं त्याला झटका नीट बसत नाही, पळत आला की तार तोडून जातो. म्हणून वरच्या दोन तारांना पत्र्याच्या पट्ट्या बांधल्या आणि त्यांना ओला गूळ चोपडला. नाक नाहीतर जीभ लागली पाहिजे, मग ते जनावर तार लक्षात ठेवतं. हरणं दिवसा येतात, पण दिवसा आम्ही शेतात असतोच.

आता एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. सुरुवातीला खालची तार जमिनीपासून चार इंचांवर होती. मे महिन्यात एका दुपारी तिच्याखाली घोरपड मेलेली सापडली. डुक्कर मागं पळतं, घोरपडीला ते जमत नाही. झटका बसला की ती तारेलाच चिकटून राहते आणि तो बसतच राहतो. तिची नखं मुरमात रुतलेली होती. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ज्या नाल्यात मी लहानाच्या मोठ्या घोरपडी पाहिल्या, तिथली एक माझ्या तारेनं गेली. तेव्हापासून खालची तार दहा इंचांवर आहे, आणि मशीन दिवस मावळला की चालू, उजाडलं की बंद. घोरपड उन्हाची फिरते, डुक्कर रात्रीचं. बॅटरीही जास्त टिकते.

बाकी किरकोळ. इन्सुलेटर पांढरे घेऊ नका, उन्हानं वर्षात तडकले, काळे टिकले. पावसाळ्यात तारेला गवत लागलं की झटका गळतो, दर पंधरा दिवसांनी विळा मारावाच लागतो. आभाळ आठवडाभर राहिलं तर बॅटरी उतरते. वीज कडाडायला लागली की तार मशीनपासून सोडवून ठेवायची. एकदा ती राहिली आणि मशीनमधलं कार्ड जळालं. वॉरंटी असूनही दुरुस्तीला बावीस दिवस लागले आणि ते दिवस मामा पुन्हा जागलीला. सेवेला माझ्याकडून पाचपैकी दोन, मशीनला साडेचार.

तार कुठून घ्यायची हेही महत्त्वाचं आहे. जोडायला आलेला माणूस नाल्याच्या काठालाच लावत होता. मामांनी अडवलं, वीस फूट आत घ्यायला लावली. मला तेव्हा ती जमीन वाया गेल्यासारखी वाटली होती. त्या पट्ट्यात पळस, बोरी, तरवड आहे, मोर आणि तित्तर आहेत, कोल्हे आमच्या शेतातले उंदीर खातात. मामांचं म्हणणं एवढंच, जनावराची वाट बंद केली तर ते तार तोडेल नाहीतर शेजाऱ्याच्या रानात शिरेल, त्याला जायला जागा ठेव. 2019 साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तोही असल्याच नाल्यांनी आणि शेतांमधून गेला असणार, असं ते म्हणतात.

पुढच्या आठवड्यात वरच्या धुऱ्याला शेजाऱ्यांचंही मशीन बसतंय. सळया मी ठोकून देणार आहे. नाल्याकडची वीस फूट त्यांनीही सोडावी म्हणून मामा रोज संध्याकाळी त्यांच्या आखाड्यावर जाऊन बसतात. काल दहा फुटांवर आले आहेत.