अक्षरं गिरवायला खाचांची पाटी घ्यावी की रव्याचं ताट?

मूल चार-साडेचार वर्षांचं झालं की बहुतेक घरांत हा प्रश्न येतो. मातीच्या वळ्यांची अक्षरं, खरखरीत कागदाची अक्षरं असे आणखीही प्रकार आहेत. पण आईबाबा बहुधा या दोहोंतच अडकतात, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. आमच्या लेकीसाठी आम्ही दोन्ही वापरलं.

खाचांची लाकडी पाटी, म्हणजे कोरलेल्या अक्षरांतून पेन्सिल फिरवायची ती, सोयीची, यात वाद नाही. सांडलवंड नाही, प्रवासात पिशवीत मावते आणि मूल तिच्याशी एकटं बसून रमतं. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी याचं मोल कळतं. शिवाय पेन्सिल धरायची सवय लागते. ताटात बोटानं लिहून ती लागत नाही, तिच्यासाठी पुढे पाटी-खडू घ्यावाच लागतो.

माझं मन या पाटीवरून उडालं ते एकाच कारणानं. खाच मुलाला रेषेबाहेर जाऊ देत नाही, पण सुरुवात कुठून करायची हे काही सांगत नाही. आमची लेक ‘व’ गिरवायची तो दांडीच्या तळापासून वर, आणि मग गोल उलट्या बाजूनं. पेन्सिल झोकात फिरायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अक्षर आलं! कागदावर मात्र गोल एकीकडे आणि दांडी भलतीकडे. ‘व’चं वळण बिघडलं की ‘ब’ आणि ‘क’ही बिघडतात, कारण तिघांचा गोल एकच. काही पाट्यांवर बाण कोरलेले असतात. तुमचं मूल कदाचित ते बघेलही, आमच्या लेकीला फक्त खाच दिसायची.

ताटाला खर्च जवळजवळ नाहीच. उभ्या कडेचा गडद रंगाचा ट्रे आणि बारीक रवा. थर इतका पातळ हवा की बोट फिरलं की तळ दिसला पाहिजे. जाड थरात रेघ दोन्ही बाजूंनी ढासळते. रांगोळी वापरू नये, तोच हात डोळ्याला लागतो. मी समोर न बसता तिच्या शेजारी बसायचो, कारण समोरून काढलेलं अक्षर मुलाला उलटं दिसतं. आधी मी काढायचो: गोल, मग वरून खाली दांडी, शेवटी शिरोरेषा. मग ती. बोटाला आधार देणारी खाच नसल्यानं उलट फिरवलेला गोल लगेच वेडावाकडा दिसायचा, आणि ट्रे जरा हलवला की सगळं साफ. खाडाखोड मागे राहत नसल्यामुळे ती तेच अक्षर न कंटाळता पुन्हा काढायची. हाताला वळण लागलं ते इथेच, असं मला तरी वाटतं.

यात नवं काही नाही. जुन्या शाळांतून मुलं धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, बोटानं किंवा काडीनं अक्षरं गिरवायची. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी गावात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरण्यावरच त्यांचा भर होता.

ताटाला मोठं माणूस शेजारी लागतं, हा त्याचा खरा तोटा. मुंग्या येतात, पावसाळ्यात रवा दमट होतो. तो थोडा भाजून घेतला की पुन्हा मोकळा होतो. रोज पंधरा मिनिटं शेजारी बसणं जमणार असेल, तर मी ताटच सुचवेन.

ते जमणारच नसेल आणि पाटीच घ्यायची असेल, तर विकत घेण्याआधी तीन अक्षरं बघा: ल, श आणि ळ. बाजारातल्या बऱ्याच पाट्या हिंदी वर्णमालेच्या असतात. त्यांत ‘ळ’ सापडत नाही, आणि ‘ल’ व ‘श’ची वळणं २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी ठरवून दिलेल्या वळणांपेक्षा वेगळी असतात.