युनिव्हर्सल रिमोट घेण्याआधी जुने रिमोट तपासा

आमच्याकडे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि स्ट्रीमिंग स्टिक, असे चार रिमोट. आवाज कमी करायचा असला की आई हमखास टीव्हीचा रिमोट उचलणार, आणि आवाज येतोय साउंडबारमधून! शेवटी एक साधा लर्निंग रिमोट, म्हणजे जुन्या रिमोटांचे सिग्नल शिकून घेणारा रिमोट, घेतला. टचस्क्रीन नाही, ॲप नाही, नुसती रबरी बटणं. मला तेच हवं होतं. अंधारात बोटाला बटण सापडलं पाहिजे.

खोक्यावर हजारो उपकरणं चालतात असं छापलेलं असतं, त्याचा काही उपयोग नाही. आपल्या घरातली चालतील का, ते बघायचं. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून जुन्या रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर तो इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने चालणारा), म्हणजे नवा रिमोट बहुधा त्याचं काम उचलेल. इथे एक गोची आहे. माझ्या स्टिकच्या रिमोटचं आवाजाचं बटण लुकलुकतं, बाणांची बटणं मात्र गप्प. कारण आवाज इन्फ्रारेडने टीव्हीला जातो आणि बाण ब्लूटूथने स्टिकला. त्यामुळे एकच बटण दाबून निकाल लावू नका. ब्लूटूथचं बटण लर्निंग रिमोटला कितीही शिकवलं तरी तो शिकत नाही. स्टिकचा रिमोट त्यामुळे अजून टीपॉयवरच आहे.

शिकवणं सोपं आहे. दोन्ही रिमोट समोरासमोर, चार बोटांच्या अंतरावर ठेवायचे आणि मूळ बटण टचकन दाबून सोडायचं. आवाजाचं बटण दाबून धरलंत तर रिमोट ते सलग दाबणंच पाठ करतो, आणि मग एका टिचकीत आवाज तीन पायऱ्या चढतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढून घ्या.

माझी खरी तक्रार पॉवर बटणाबद्दल आहे. एका बटणात सगळं चालू करणारा मॅक्रो लावता येतो, पण बहुतेक मूळ रिमोटवर चालू आणि बंद एकाच बटणावर असतात. टीव्ही आधीच चालू असला की मॅक्रो सगळं चालू करतो आणि टीव्ही तेवढा बंद! चालू आणि बंदचे वेगळे कोड बऱ्याच टीव्हींना कळतात, पण मूळ रिमोटवर त्यांचं बटणच नसेल तर शिकवणार कुठून? ते रिमोटच्या स्वतःच्या कोड-साठ्यातच असावे लागतात. माझ्या रिमोटमध्ये ते नाहीत. घेण्याआधी विचारण्यासारखी गोष्ट असेल तर हीच.

लॉजिटेकचे हार्मनी रिमोट कोणतं उपकरण चालू आहे याची नोंद ठेवायचे आणि त्यानुसार सिग्नल पाठवायचे. 2021 मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं. आता जुना मिळाला तर बॅटरीची हालत बघून घ्या.

आणि हो, पैसे घालवण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी शोधा, म्हणजे एचडीएमआय केबलने जोडलेली उपकरणं एकाच रिमोटने चालवायची सोय. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस (Anynet+) म्हणतात, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. टीव्ही आणि साउंडबार एआरसीच्या पोर्टला (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टला) जोडलेले असतील तर टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज हलतो. आमचा बार जुना, ऑप्टिकल केबलवाला, म्हणून हा खटाटोप.