मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र: आठ महिने रोज वाचल्यावर

मोतीबिंदू काढल्यावर लांबचं लख्ख दिसायला लागलं, पण आईच्या बायबलमधली मुंगीएवढी अक्षरं चष्मा लावूनही सुटी होईनात. म्हणून हे मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र घेतलं. भाषांतर आपल्या चर्चमध्ये वाचतात तेच जुनं, ज्याला सगळे आर. व्ही. म्हणतात. जुना आणि नवा करार मिळून ६६ पुस्तकं, काळं चेनचं कव्हर, आत दोन फिती. साडेसातशे रुपये पडले. रोज पहाटे, चहाच्या आधी, असं आठ महिने वापरलंय.

अक्षर उत्तम आहे. ‘ख्रिस्त’, ‘राष्ट्र’, ‘शुद्ध’ अशी जोडाक्षरं एकमेकांत घुसत नाहीत, अनुस्वार ठळक दिसतो. वचनांचे आकडे मात्र फारच बारीक छापलेत. उपासनेत पाळकसाहेब वचनाचा आकडा सांगतात तेव्हा तो सापडेपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असतं. मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढणाऱ्यांनी आकडेही मोठे घ्यायला हवे होते. कागद पातळ आहे, हायलायटर पलीकडे उतरतो. लाकडी रंगपेन्सिल वापरा, ती टिकते. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, पावणेदोन किलो भरलं. मांडीवर उशी घेतल्याशिवाय वाचता येत नाही.

बांधणी ही याची सगळ्यात मोठी खोड. सातव्या महिन्यात पानांचा एक जुडगाच हातात आला. पाहिलं तर आत शिवण नाही, नुसता गोंद. दुकानात घेऊन गेले, बदलून दिलं नाही. शेवटी बाइंडरकडे देऊन दोऱ्याने शिवून घेतलं. नाताळात भेट देऊन कपाटात ठेवायच्या पुस्तकाला गोंद चालेल, रोज उघडायच्या पुस्तकाला चालत नाही.

सुटलं ते नेमकं नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रापाशी. तिथेच का, ते सांगते, कारण हे पुस्तक घेऊन मला काय मिळालं ते त्या पानांवर आहे.

चौतीस वर्षं मी नर्स होते. वॉर्डात सिस्टर, गल्लीत सिस्टर, सासरच्या गावात गेले तरी सिस्टर. निवृत्त झाल्यावर दोन-तीन महिन्यांत हाक बंद झाली आणि घरात एक विचित्र शांतता आली. मग मी कोण? कागदावर उत्तर होतं. लहानपणी झालेला बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, चर्चच्या वहीत नाव. आयुष्यभर लोकांनी विचारलंय, “तुम्ही ख्रिश्चन? आडनाव तर मराठी आहे.” त्यावर माझं ठरलेलं उत्तर असायचं. आमच्या नगरला अमेरिकन मिशन १८३१ पासून आहे, आजोबा मिशनच्या शाळेत शिकले. ज्या कवी ना. वा. टिळकांची भजनं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो, त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि शेवटपर्यंत मराठीच राहिले. हे सगळं खरं आहे. पण हे आजोबांबद्दल झालं, टिळकांबद्दल झालं. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं.

इफिसकरांस पत्र सहाच अध्यायांचं आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल ते इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बंदिवासातून लिहितो. पहिल्या तीन अध्यायांत जवळजवळ एकही आज्ञा नाही. तुम्ही निवडलेले आहात, दत्तक घेतलेले आहात, परके होता ते आता देवाच्या घरचे झालात, असं तो सांगत जातो. कसं वागायचं ते चौथ्या अध्यायापासून सुरू होतं. लहानपणापासून मी हे उलट शिकले होते, आधी नीट वागायचं आणि मग देवाची लेक व्हायचं. चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेत कुणी मुद्दाम तसं शिकवलं नसेल, पण मनात बसलं होतं तसंच.

आणि त्या पत्रात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘ठायी’. ख्रिस्ताच्या ठायी, त्याच्या ठायी. बारीक अक्षरांत तो डोळ्यांखालून नुसता निघून जायचा. इथे तो ठसठशीत समोर आला आणि मी थांबले. वॉर्डात माझ्याबरोबर आळंदीची वारी करणाऱ्या एक माळकरी मावशी होत्या. त्यांना फोन करून विचारलं, ठायी म्हणजे नेमकं काय हो? त्या म्हणाल्या, “अगं, तुकोबांच्या अभंगात आहे की. ठाय म्हणजे जागा. ठावठिकाणा म्हणतो ना आपण, त्यातलाच तो ठाव.”

ठावठिकाणा! केसपेपर भरताना पेशंटला किती वेळा विचारलं असेल मी, राहायला कुठे? ख्रिस्ताच्या ठायी म्हणजे माझा पत्ता तो आहे. नोकरी गेली, हाक गेली, उद्या हे घरही सोडावं लागेल, पण राहायला मी तिथेच. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या १७व्या वचनात, ख्रिस्ताच्या ठायी असलेल्या माणसाला नवी उत्पत्ती म्हटलंय. ते वचन आमच्या हॉलच्या कॅलेंडरवर कित्येक वर्षं लटकत होतं. त्या पहाटे ते मला उद्देशून लिहिल्यासारखं वाटलं आणि मी बराच वेळ रडले.

सोप्या मराठीतली नवी भाषांतरंही आहेत. नातीसाठी मी तीच घेते, कारण ‘पाचारण’, ‘समेट’ अशा शब्दांशी तिची अडखळ होते. पंडिता रमाबाईंनी तर साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. छपाई त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाली. (आमच्या नगरजवळचं केडगाव वेगळं, हे दौंडकडचं.) त्यामुळे सोपं म्हणजे हलकं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण सोप्या आवृत्तीत ‘ख्रिस्तात’ किंवा ‘ख्रिस्तामध्ये’ एवढंच वाचलं असतं तर मी कुणाला फोन केला नसता. माझ्यासाठी जुनंच बरं.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात राग आहे, २६वं वचन. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं पौलाचं सांगणं. माझ्या मोठ्या जावेशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. सासूबाईंच्या पाटल्यांवरून. चूक कुणाची हे मी इथे लिहिणार नाही, निम्मी माझी होतीच. अकरा वर्षं म्हणजे चार हजार सूर्य मावळले. याआधी हे वचन वाचलं की अंगावर ओझं यायचं, कारण त्याच्या आधीचे तीन अध्याय मी माझे म्हणून कधी वाचलेच नव्हते. जिला देवाच्या घरात जागा मिळालीय, तिने पाटल्या धरून बसायचं कशाला? त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत फोन लावला.

“कोण बोलतंय?”

“अक्का, मी.”

पलीकडे कितीतरी वेळ नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज. मग म्हणाल्या, “जेवलीस का गं?”

पुढच्या आठवड्यात एसटीने गावी गेले. पिशवीत हे पावणेदोन किलो होतंच. पाटल्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. रात्री अंगणात बाज टाकून बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, वाच काहीतरी, मला आता दिसत नाही. मी २३वं स्तोत्र उघडून पुस्तकच त्यांच्या हातात दिलं. अंगणातल्या बल्बच्या उजेडात त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द लावत सगळं स्वतः वाचलं. शेवटच्या वचनाला आवाज कापला. पुस्तक मिटलं नाही, तळवा पानावर तसाच ठेवून बसल्या.

अक्कांसाठी दुसरी प्रत परवाच घेतली. या वेळी दुकानात पुस्तक मधोमध उघडून आधी शिवण पाहिली. दोऱ्याची आहे. किंमत शंभर रुपयांनी जास्त पडली, पण तुम्ही घेणार असाल तर दोऱ्याचीच घ्या. पहिल्या कोऱ्या पानावर भेट देणाऱ्याचं नाव घालायला जागा आहे. तिथे मी ‘सिस्टर’ लिहिलं नाही. ‘तुझी धाकटी’ लिहिलं, आणि खाली ‘इफिसकरांस’.