न्यूयॉर्क बार की कॅलिफोर्निया बार? सनद असलेल्यांसाठी

वकिलीची सनद हातात आहे, अमेरिकेचं नक्की होतंय आणि आता तिथे वकिली करायला लागणारी बार परीक्षा न्यूयॉर्कची द्यायची की कॅलिफोर्नियाची इथे घोडं अडलंय, अशांसाठी लिहितोय. मी न्यूयॉर्क दिली, त्यामुळे कल थोडा तिकडे दिसेल, समजून घ्या.

सगळे आधी पासिंग विचारतात. न्यूयॉर्कला ४०० पैकी २६६, कॅलिफोर्नियाला २००० पैकी १३९०, म्हणजे ४०० च्या हिशोबात २७८, आणि तेही २०२० मध्ये १४४० वरून खाली आणल्यावर. पण हे स्केल केलेले, म्हणजे पेपर किती कठीण होता ते धरून जुळवलेले मार्क, आपल्या एआयबीईसारखं (ऑल इंडिया बार एक्झाम) घरी येऊन बरोबर उत्तरं मोजली आणि कळलं असं नाही, त्यामुळे मी तरी या फरकाचं फार टेन्शन घेतलं नाही. दोन्हीकडे निम्मं वजन एमबीईचं, म्हणजे बहुतेक राज्यांत सारखाच असणारा पर्यायी प्रश्नांचा पेपर, तेच २०० एमसीक्यू, निगेटिव्ह मार्किंग नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाने स्वतःचे प्रश्न काढायचा प्रयोग केला, त्या परीक्षेचा काय गोंधळ झाला ते वाचलं असेलच, जुलैत परत एमबीईवर आले.

फरक आहे तो लेखी भागात. न्यूयॉर्कला अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा एसे आणि दीड तासाच्या दोन परफॉर्मन्स टेस्ट, म्हणजे दिलेल्या फाइलवरून वकिली कागद लिहून दाखवायचा. कॅलिफोर्नियाला तासाभराचे पाच एसे आणि एकच परफॉर्मन्स टेस्ट, जिचं वजन दोन एसेंइतकं. सविस्तर लिहायचा हात असेल तर तास बरा वाटेल. मला अर्धा तासच बरा, न आलेला विषय निदान लवकर संपतो.

पण माझं ठरलं ते एव्हिडन्समुळे, म्हणजे पुराव्याच्या कायद्यामुळे. कॅलिफोर्नियाचे जुने पेपर निवडक उत्तरांसकट त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ते सोडवायला बसलो होतो. एसेमध्ये कॅलिफोर्नियाचा एव्हिडन्स कोड विचारू शकतात आणि दुसऱ्या दिवशी एमबीईत फेडरल रूल्स, म्हणजे केंद्राचे पुराव्याचे नियम. आता साक्षीदार आधी वेगळंच बोलला होता, एवढाच मुद्दा घ्या. आपल्याकडे ते त्याला खोटं पाडायला वापरायचं. फेडरलमध्ये ते आधीच्या कुठल्या प्रोसीडिंगमध्ये शपथेवर बोललेलं असेल तरच पुरावा म्हणून आत येतं, आणि कॅलिफोर्नियात शपथ नसली तरी येतं. एका डोक्यात तीन एव्हिडन्स ॲक्ट, आणि त्यातला आपला तर इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप पेनातून उतरतो!! उत्तर वाचताना छान वाटायचं, ताडून बघितलं की भलत्याच देशाचा कायदा लिहिलेला. कोवळ्या पोरांना जमत असेल, मला नाही झेपलं.

न्यूयॉर्कने राज्याचा कायदा मुख्य परीक्षेतून बाहेरच काढलाय. आधी एक ऑनलाइन कोर्स, मग वेगळी ऑनलाइन परीक्षा, ५० पैकी ३० बरोबर हवेत आणि ओपन बुक, बेअर ॲक्ट (नुसता कायद्याचा मजकूर) घेऊन एआयबीईला बसलेल्यांना घरच्यासारखं वाटेल. शिवाय ५० तासांचं प्रो बोनो, म्हणजे फुकट कायदेशीर काम आहे, पण त्याचा त्रास झाला नाही.

न्यूयॉर्कचा स्कोअर दुसऱ्या राज्यांत चालतो हे सगळे सांगतात, मी त्याला अर्धेच मार्क देईन. स्कोअर जातो हो, पण परदेशी डिग्रीवाल्याला आत घ्यायचं की नाही हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं, त्यामुळे ते आधी तपासा.

कॅलिफोर्नियाची एक गोष्ट मात्र मान्य करावीच लागेल. चालू सनद असेल तर एलएलएम (कायद्याची मास्टर्स) न करता बसता येतं. न्यूयॉर्कलाही आपल्या एलएलबीवर काहींना थेट बसता येतं, पण आधी डिग्रीचं इव्हॅल्युएशन, आणि त्याची कागदपत्रं युनिव्हर्सिटीने थेट तिथल्या परीक्षा बोर्डाला पाठवायची, तुम्ही नेऊन द्यायची नाहीत. आपल्या युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर उभं राहिलेल्याला पुढचं सांगायला नको. वर्षभर आधी मागे लागा.

नोकरी बे एरियातच ठरली असेल तर कॅलिफोर्निया द्या, वाद नाही. बाकीच्यांनी मला वाटतं न्यूयॉर्कच बघावी, फक्त २०२८ च्या जुलैपासून तिथे नेक्स्टजेन नावाचा परीक्षेचा नवा फॉरमॅट येतोय, तेव्हा सेकंडहँड पुस्तकं उचलायच्या आधी आपला अटेम्प्ट कधी पडतो ते बघून घ्या.