कॅलिफोर्नियातल्या छोट्या कॉलेजातून केलेली सायडी (PsyD, म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट): साडेतीन स्टार

दिवाळी झाली की कोणाच्या तरी मावसबहिणीचा मेसेज येतोच, ताई तुझं कॉलेज कसं होतं गं, मी अप्लाय करू का. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नाव सांगणार नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथल्या लोकांकडून मला अजून रेफरन्स लागतात.

कॅम्पस वगैरे विसरा. दुमजली बिल्डिंग, खाली डेंटिस्ट, वर आम्ही, बॅचला वीस-बावीस जण, आणि शिकवतात एकच विषय, क्लिनिकल सायकॉलॉजी. विद्यापीठं नुसते रिसर्चवाले तयार करतायत, पेशंट कोण बघणार, असल्या वैतागातून अशी स्वतंत्र कॉलेजं तिकडे निघाली, 1969 चं कॅलिफोर्निया स्कूल ऑफ प्रोफेशनल सायकॉलॉजी हे त्यातलं पहिलं. म्हणून डिग्री पीएचडी नाही, सायडी. रिसर्च कमी, प्रत्यक्ष काम जास्त, आणि स्टायपेंड म्हणाल तर जवळपास नाहीच. आपल्याकडे तेव्हा आरसीआयचं (भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं) दोन वर्षांचं एमफिल होतं पण सीट्स मोजक्या, माझा नंबर लागला नाही, मग डोंबिवलीचा फ्लॅट तारण ठेवून गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण बँकेतून आल्यावर दोन दिवस पेपर उघडला नव्हता त्यांनी.

आता चांगलं. सुपरवायझर बाई सत्तरीच्या, पायात लोकरी मोजे, आठवड्याला एक तास फक्त माझा. दुसऱ्या वर्षी माझ्या एका सेशनचं रेकॉर्डिंग ऐकत होत्या. क्लायंट म्हणतो, आई दिवसातून तीनदा फोन करते. आणि मी लगेच हसून, अहो काळजी असते आयांना! बाईंनी तिथेच थांबवलं, मागे नेलं, परत लावलं, असं चारदा. मग शांतपणे विचारलं, हे कोण बोललं, थेरपिस्ट की तुझ्या आईची मुलगी? मला दरदरून घाम. पुढचा पाऊण तास त्या एका वाक्यावर गेला, आणि खरं सांगते, बाकी सगळी लेक्चरं एका पारड्यात आणि तो पाऊण तास दुसऱ्यात. मोठ्या ठिकाणी इतका वेळ कोणी दिला असता असं मला वाटत नाही.

पण छोटं म्हणजे सगळंच छोटं. बुद्ध्यांकाच्या टेस्टची किट्स तीन, वहीत सही करून घरी न्यायची. एकदा समोर माणूस बसलेला आणि डबा उघडला तर लाल-पांढरे ठोकळे नऊऐवजी आठ! टेस्ट रद्द, माणूस परत, आणि ओरडा मला.

खरा ताप मात्र इंटरनॅशनल ऑफिसचा, म्हणजे एक बाई, मंगळवार आणि गुरुवार. शेवटचं वर्ष फुलटाइम इंटर्नशिप, त्याची देशभर मॅच होते, म्हणजे उमेदवार आणि जागा यांच्या जोड्या लावतात, फेब्रुवारीत रिझल्ट. एफ-1 वाल्यांनी (म्हणजे स्टुडंट व्हिसावर असलेल्यांनी) नीट ऐका, व्हेटरन्स म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटल्समध्ये भरपूर जागा असतात पण त्या सिटिझन्सनाच, त्यामुळे आपली यादी आधीच आखूड. आणि इंटर्नशिप सीपीटीवर (शिकत असताना काम करायच्या परवान्यावर) केली तर फुलटाइम सीपीटी 12 महिने भरली की त्या डिग्रीची ओपीटी (डिग्रीनंतर तिथे काम करायचा परवाना) गेली, संपलं. आमच्या बाईंनी माझ्या लेटरवर बरोब्बर 12 महिने टाकले होते. एका तेलुगू सीनियरने आधीच कानात सांगून ठेवलं होतं म्हणून वाचले, नाहीतर पाच वर्षं शिकून थेट मुंबईचं तिकीट. दुरुस्तीला तीन आठवडे, कारण मध्ये बाईंची सुट्टी.

अप्लाय करणाऱ्यांनी ब्रोशर बघू नका. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला एक तक्ता वेबसाइटवर टाकावाच लागतो: डिग्रीला किती वर्षं लागली, खर्च किती, किती जणांना मान्यताप्राप्त इंटर्नशिप मिळाली, किती सोडून गेले, किती जणांना लायसन्स मिळालं. मी तो तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा उघडला, शहाणी मी! आणि कॉलेजच्या तब्येतीचीही चौकशी करा, अर्गोसी युनिव्हर्सिटी मार्च 2019 मध्ये सत्र चालू असताना बंद पडली आणि मुलं अक्षरशः रस्त्यावर आली.

पाचपैकी साडेतीन. एक स्टार फीचा कापला, अर्धा ऑफिसचा. ठोकळ्याचा नाही कापला, तो नंतर माझ्याच बॅगेत सापडला.